बीआरसीए दोष असेल तर: अंडाशय आणि नळ्या काढण्याची शस्त्रक्रिया कशी आखावी

बीआरसीए 1 आणि बीआरसीए 2 या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. त्यांची चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात पहिली चर्चा स्तनांची होते. आमचा आग्रह आहे की आधी अंडाशयांचं वेळापत्रक ठरवा. स्तनांवर नजर ठेवायला एमआरआय आणि मॅमोग्राफी आहे, गाठ लहान असतानाच सापडू शकते. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अशी भरवशाची तपासणी आजही नाही. तो बहुतेक वेळा पोटात पसरल्यावरच कळतो. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण धोका असलेल्या दोन लाखांहून अधिक महिलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2021 साली आले, त्यात सीए-125 ही रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी यांनी मृत्यू कमी झाले नाहीत. त्यामुळे 'दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहू' हा बीआरसीए दोष असलेल्या बाईसाठी अंडाशय आणि नळ्या (गर्भनलिका) काढण्याच्या शस्त्रक्रियेला पर्याय होत नाही.

धोका किती, याचे आकडे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतात. बीआरसीए 1 मध्ये दोष असेल तर वयाच्या 80 वर्षांपर्यंत अंडाशयाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे 44 टक्के, बीआरसीए 2 मध्ये 17 टक्के. स्तनाच्या कॅन्सरची अनुक्रमे 72 आणि 69 टक्के. ही कुटुंबं मुख्यतः पाश्चात्त्य देशांतली होती, म्हणून आकडा तंतोतंत आपल्याला लागू होईलच असं नाही. पण शस्त्रक्रियेचा निर्णय बदलेल इतका फरक मानून चालू नका.

रिपोर्टवर काय वाचायचं

जनुकाचं नाव, सापडलेला बदल आणि त्या बदलाची वर्गवारी. वर्गवारी 'पॅथोजेनिक' (आजार घडवणारा) किंवा 'लाइकली पॅथोजेनिक' (बहुधा आजार घडवणारा) असेल तरच शस्त्रक्रियेचा विषय निघतो. 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून लागलेला नाही, आणि असे बदल पुढे बहुतांशी निरुपद्रवी ठरतात. केवळ व्हीयूएस पाहून अंडाशय काढू नयेत. रिपोर्ट जपून ठेवा आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला विचारा की वर्गवारी बदलली का.

चाचणी आधी कोणाची करायची, हेही महत्त्वाचं आहे. घरात जिला कॅन्सर झाला आहे तिची आधी करावी. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांना फक्त त्या एका बदलाची चाचणी पुरते. ती स्वस्त असते आणि उत्तर स्पष्ट येतं: बदल नसेल तर तुमचा धोका चारचौघींइतकाच, या कारणासाठी शस्त्रक्रिया नको. याउलट, आजारी नातेवाइकाची चाचणीच न करता थेट निरोगी मुलीची केली आणि ती निगेटिव्ह आली, तर प्रश्न सुटत नाही. घरातला दोष या चाचणीत पकडला गेला असता की नाही, हेच माहीत नसतं. पूर्ण जनुकाची चाचणी असेल तर जनुकाचे मोठे तुकडे गळालेले किंवा दुप्पट झालेले पाहिले का, तेही विचारून घ्या. अनेक लॅब त्यासाठी 'एमएलपीए' ही वेगळी चाचणी करतात.

आणि वडिलांची बाजू विसरू नका. दोष आईकडून येतो तसाच बाबांकडूनही येतो, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आत्या, बाबांची आई, चुलत आणि आतेबहिणी यांचे आजार फॉर्ममध्ये लिहिलेच जात नाहीत, असं फार वेळा होतं.

'पिशवी काढली आहे' म्हणजे काय काढलं आहे

महाराष्ट्रात पिशवीचं ऑपरेशन झालेल्या बायका खूप आहेत आणि त्यांतल्या अनेकींना अंडाशय ठेवले की काढले हे सांगता येत नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढलं तरी अंडाशय आणि नळ्या आत असू शकतात, आणि धोका त्यांनाच आहे. जुनी डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट शोधा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कोणकोणते अवयव मिळाले हे लिहिलेलं असतं, तोच सगळ्यात खात्रीचा कागद. कागद सापडला नाही तर सोनोग्राफीवर विसंबू नका, पाळी गेल्यावर अंडाशय आक्रसतात आणि दिसत नाहीत. एमआरआय करून घ्या.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल तर नळ्या 'बंद' असतात, गेलेल्या नसतात. दोन्ही बाजूंचे उरलेले तुकडे, विशेषतः अंडाशयाकडचं झालरीसारखं टोक, निघायलाच हवेत. सर्जनला हे आधी सांगा.

वय

बीआरसीए 1 असेल तर शस्त्रक्रिया 35 ते 40 या वयात करावी, बीआरसीए 2 असेल तर 40 ते 45 पर्यंत थांबता येतं. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या बीआरआयपी 1, आरएडी 51 सी आणि आरएडी 51 डी या इतर जनुकांसाठी साधारण 45 ते 50. घरात कोणाला याहून लहान वयात अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर वय अलीकडे आणावं लागतं. लिंच सिंड्रोम (आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा वेगळा आनुवंशिक दोष) याचे नियम वेगळे आहेत, तिथे गर्भाशयही काढण्याचा विचार होतो.

ही वयं मुलं झालेल्या बायकांसाठी आहेत. मूल हवं असेल आणि वय तिशीच्या पुढे गेलं असेल तर आधी वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. स्त्रीबीज किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. भारतात 2021 च्या एआरटी कायद्यानुसार ते 10 वर्षांपर्यंत साठवता येतात. गर्भाशय ठेवलं असेल तर अंडाशय काढल्यानंतरही त्यातून गर्भधारणा होऊ शकते. गर्भ रुजवण्याआधी त्यात हा दोष आहे का, हे तपासणंही शक्य आहे.

आपल्याकडे मामे-आते भावंडांत लग्नं होतात, म्हणून एक खास सूचना. बीआरसीए 2 चा दोष असलेल्या बाईचा नवरा नात्यातला असेल तर त्याचीही चाचणी मूल होण्याआधी करा. दोघांकडूनही दोष आला तर बाळाला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया हा गंभीर आजार होऊ शकतो.

लहान मुलींची चाचणी करायची नाही. अठराच्या पुढे, तिनं स्वतः ठरवल्यावर.

सर्जनशी ठरवायच्या गोष्टी

ऑपरेशन बहुधा दुर्बिणीतून होतं. पूर्ण भूल, पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, साधारण तासाभराचं काम, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. म्हणूनच ते 'सोपं' समजलं जातं आणि साध्या गाठीसाठी काढतात तसे अंडाशय काढून टाकले जातात. इथे पद्धत वेगळी आहे, आणि ती पाळली जाते का हे तुम्ही आधी विचारलं पाहिजे.

आत गेल्यावर सर्जननं आधी संपूर्ण पोट पाहायचं: यकृताखाली, डायफ्रामवर, आतड्यांवर, पोटाच्या पडद्यावर. संशयास्पद दिसेल तिथला तुकडा घ्यायचा. मग ओटीपोटात सुमारे 50 मिली सलाइन सोडून ते लगेच परत ओढून पेशी तपासायला पाठवायचं, याला 'पेल्व्हिक वॉश' म्हणतात. अंडाशयाला रक्त नेणारी दोरी अंडाशयाला खेटून कापायची नाही, वर 2 सेंटिमीटर अंतर ठेवून कापायची. तिच्या शेजारून मूत्रवाहिनी जाते, ती डोळ्यांना दिसल्याशिवाय कापणं धोक्याचं. अंतर न राखलं तर अंडाशयाचा कण मागे राहतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. नळी पार गर्भाशयाच्या कोपऱ्यापर्यंत घ्यायची. अंडाशय कुठे चिकटलेला असेल तर त्या जागेचा पडदाही सोबत काढायचा. सिझेरियन किंवा क्षयरोगानंतर असं चिकटणं आढळतं.

नळीच्या झालरीला चिमट्यानं धरू नये. बरेचदा इथेच कॅन्सरची सुरुवात होते, आणि दाबल्यानं पेशी खरवडल्या जातात, मग सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. काढलेला भाग पिशवीत घालूनच बाहेर आणायचा.

दोन सूचना ऐकू आल्या तर सावध व्हा. पहिली: 'वय लहान आहे, एक अंडाशय ठेवू.' तसं केलं तर धोका तसाच राहतो. दुसरी: 'आता फक्त नळ्या काढू, अंडाशय नंतर.' यामागे विचार आहे, कारण बरेच कॅन्सर नळीतून सुरू होतात, पण अंडाशय किती काळ थांबवता येतील हे अभ्यासांत अजून तपासलं जात आहे. जी बाई आत्ता अंडाशय द्यायला तयारच नाही तिच्यासाठी काहीच न करण्यापेक्षा हे बरं. मात्र पुढच्या ऑपरेशनची तारीख तेव्हाच वहीत लिहून ठेवावी.

गर्भाशय काढायचं का? बीआरसीएसाठी ते सक्तीचं नाही. टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल, गर्भाशयाचा दुसरा त्रास असेल, किंवा नंतर हार्मोन घ्यायचे असतील तर काढण्याचे फायदे आहेत. पण ऑपरेशन मोठं होतं आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात. पोट उघडतोच आहोत तर काढून टाकू, हे कारण पुरेसं नाही.

पॅथॉलॉजीचा फॉर्म

सगळ्यात जास्त हेळसांड इथे होते. काढलेल्या नळीचा नेहमीच्या पद्धतीनं एखादाच काप घेतला जातो. बीआरसीए असलेल्या बाईच्या नळीत काही मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा कॅन्सर किंवा त्याच्या अलीकडची 'स्टिक' नावाची अवस्था असू शकते. एक काप घेतला तर ती निसटते.

उपाय म्हणजे 'सी-फिम' पद्धत. झालर उभी कापायची, बाकीची नळी आणि अंडाशय 2 ते 3 मिलिमीटरच्या अंतरानं कापायचे, आणि सगळंच्या सगळं तपासायचं. पॅथॉलॉजिस्टला हे सांगितलं नाही तर तो करणार नाही, कारण नमुन्यासोबतच्या फॉर्मवर 'दोन्ही अंडाशय व नळ्या' इतकंच लिहिलेलं असतं. फॉर्मवर या ओळी असल्याच पाहिजेत:

'बीआरसीए 1 पॅथोजेनिक व्हेरिअंट. रिस्क रिड्यूसिंग सर्जरी. दोन्ही नळ्या व अंडाशय सी-फिम प्रोटोकॉलनुसार पूर्ण तपासावेत. पेल्व्हिक वॉश सोबत.'

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना या ओळी दाखवा. नंतरच्या रिपोर्टमध्ये 'सी-फिम' किंवा 'पूर्ण तपासले' हे शब्द आहेत का पाहा. नसतील तर लगेच लॅबला फोन करा. उरलेला भाग फॉर्मालिनमध्ये काही आठवडेच ठेवतात, त्यानंतर फक्त मेणाचे ब्लॉक उरतात.

रिपोर्टमध्ये स्टिक आली तर स्त्रीरोग-कॅन्सर तज्ज्ञाकडे जायचं, एकट्या सर्जनवर सोडायचं नाही. पसरणारा कॅन्सर सापडला तर पुन्हा ऑपरेशन आणि बहुधा केमोथेरपी लागते. रिपोर्ट स्वच्छ आला तरी धोका शून्य होत नाही. अंडाशय-नळीच्या कॅन्सरचा धोका साधारण 80 टक्क्यांनी कमी होतो आणि पोटाच्या पडद्याच्या कॅन्सरचा थोडा धोका राहतो.

ऑपरेशनच्या आधी

ही घाईची शस्त्रक्रिया नाही, म्हणून शरीर तयार करायला वेळ घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा, आपल्याकडे ते कमी असणं हेच नेहमीचं. साखर, रक्तदाब आटोक्यात हवा. तंबाखू, मिश्री, सिगारेट किमान 4 आठवडे आधी बंद. मिश्री लावणाऱ्या बायका 'तंबाखू खात नाही' असं मनापासून सांगतात, म्हणून भूलतज्ज्ञाला मिश्रीचं नाव घेऊनच सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या साधारण 4 आठवडे आधी थांबवाव्या लागतात, कारण पायात गुठळी होण्याचा धोका. टॅमॉक्सिफेन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कधी थांबवायच्या हे लेखी घ्या, स्वतःहून बंद करू नका.

तपासण्या: रक्त, रक्तगट, ईसीजी, छातीचा एक्स-रे, योनिमार्गे सोनोग्राफी, सीए-125 आणि गरोदरपणाची चाचणी. आदल्या रात्री हलकं जेवण. भूल देण्याआधी 6 तास काही खायचं नाही, तळलेलं-जड असेल तर 8. साधं पाणी बहुधा 2 तास आधीपर्यंत चालतं, पण त्या रुग्णालयाचा नियम पाळा.

संमतीपत्रावर सही तुमची. सज्ञान बाईला नवऱ्याच्या किंवा सासरच्या सहीची कायद्यानं गरज नाही. कोणी अडवलं तर हे शांतपणे सांगा.

घरी आल्यावर खांदा दुखतो. तो पोटात भरलेल्या वायूमुळे, दोन-तीन दिवसांत जातो. बसून करायचं काम आठवडा-दोन आठवड्यांत सुरू करता येतं. पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, लहान मूल उचलणं 4 ते 6 आठवडे नाही. दुखणं रोज कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, पोट फुगलं, लघवी कमी झाली, 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप आला, किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखली तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. पहिली तीन लक्षणं आतडं किंवा मूत्रवाहिनी दुखावल्याची असू शकतात, पोटरीची सूज गुठळीची.

पाळी एका दिवसात जाते

पाळी चालू असलेल्या बाईचे अंडाशय काढले की इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतं. नैसर्गिकरीत्या जे चार-पाच वर्षांत होतं ते एकदम होतं. अंगातून गरम वाफा, घामानं रात्री जाग येणं, चिडचिड, योनी कोरडी पडणं, संबंधांच्या वेळी दुखणं. पुढच्या वर्षांत हाडं आणि हृदयावरही परिणाम होतो. ऑपरेशन उत्तम होऊनही बाई नंतर पस्तावते ती बहुतेक याच कारणानं, कारण हे तिला आधी कोणी नीट सांगितलेलं नसतं.

ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला नाही त्यांनी ऑपरेशनच्या आधीच हार्मोन उपचारांविषयी बोलून घ्यावं. नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण 50 पर्यंत, इस्ट्रोजेन भरून देणं ही मान्य पद्धत आहे. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. गर्भाशय नसेल तर एकटं इस्ट्रोजेन पुरतं. चाळिशीच्या आतल्या बाईला पन्नाशीच्या बाईचा डोस अनेकदा कमी पडतो. वाफा थांबत नसतील तर औषध सोडू नका, डोस बदलून घ्या.

स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर हार्मोन सहसा देत नाहीत. वाफांसाठी व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेंटिन देतात. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी पॅरोक्सेटिन टाळावं, त्यानं टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होतो. कोरडेपणासाठी आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं बिनहार्मोनचं मॉइश्चरायझर आणि संबंधांच्या वेळी वंगण. याबद्दल डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटतो, तरी बोला. उपाय आहेत.

हाडांसाठी ऑपरेशनच्या सुमारास एक डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा, म्हणजे पुढच्या स्कॅनशी ताडून पाहता येईल. रोज 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जायला हवं: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350, पेलाभर दुधात 240 च्या आसपास. कमी पडेल तेवढंच गोळीनं भरा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. रोज चालणं आणि वजन उचलण्याचा व्यायाम. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल दरवर्षी.

स्तनांचं काय

इथे खरोखर दोन रस्ते आहेत. लक्ष ठेवायचं असेल तर 25 पासून दरवर्षी एमआरआय, 30 पासून सोबत मॅमोग्राफी. पाळी चालू असेल तर एमआरआय पाळीच्या 7 व्या ते 15 व्या दिवसांत करावा, इतर दिवसांत स्तनाचा भाग जास्त उजळतो आणि उगाच शंका निघतात. अंडाशय काढल्यानं स्तनाचा धोकाही निम्मा होतो असं पूर्वी सांगत, आता त्यावर विसंबता येत नाही.

दोन्ही स्तन काढले तर धोका 90 टक्क्यांहून अधिक कमी होतो. काढण्याआधी नुकताच केलेला एमआरआय हवा, लपलेली गाठ असेल तर ऑपरेशनच वेगळं होतं. बोंड राखून ऑपरेशन करता येतं, पण त्याची संवेदना बहुधा जाते, आणि काही वेळा रक्तपुरवठा तुटून ते काळं पडतं. मिश्री-तंबाखू चालू असेल तर हा धोका खूप वाढतो. नवा स्तन इम्प्लांटनं किंवा पोटाच्या, पाठीच्या मांसानं करतात. तो न करून घेणंही चालतं, आणि हा निर्णय फक्त तुमचा.

घरी येताना काखेखाली ड्रेनच्या नळ्या असतात. रोज ठरल्या वेळी त्यातलं पाणी मोजून वहीत लिहा, प्रत्येक बाजूचं वेगळं. सलग दोन दिवस 30 मिलीपेक्षा कमी आलं की बहुधा नळी काढतात. पाणी एकदम लाल आणि जास्त झालं, किंवा एका बाजूचा स्तन ताठ फुगला तर आत रक्त साठतं आहे, लगेच फोन करा.

पैसे आणि कागद

विमा कंपन्या 'आजारच नाही, मग ऑपरेशन कशाचं' असं म्हणून दावा नाकारतात. म्हणून ऑपरेशनआधी लेखी पूर्वमंजुरी घ्या. डॉक्टरांच्या पत्रात जनुक, नेमका बदल, 'पॅथोजेनिक' ही वर्गवारी, घरातले कॅन्सर वयासह, आणि सोनोग्राफी-सीए-125 नं हा कॅन्सर वेळेत सापडत नाही हे स्पष्ट लिहून घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जनुकीय सल्ल्यासाठी मुंबईत टाटा मेमोरियलचा कॅन्सर जेनेटिक्स विभाग आहे. तिथे जाताना आजारी नातेवाइकांचे बायोप्सी रिपोर्ट सोबत न्या, तोंडी 'पोटाचा कॅन्सर होता' यावरून काही ठरवता येत नाही.

बहिणींना काय द्यायचं

तुमच्या रिपोर्टचं ते एक पान, ज्यावर बदलाचा पूर्ण कोड आहे, त्याची प्रत बहीण, भाऊ, मावशी, आत्या, मामा, चुलत-मावसभावंडं यांना द्या. पुरुषांनाही द्या: बीआरसीए 2 असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि स्तनाचाही कॅन्सर वाढतो, आणि त्यांच्या मुलींना दोष मिळू शकतो. लग्नाच्या मुलीचं नाव खराब होईल म्हणून काही घरांत हे पान कपाटात राहतं. मोठ्या गटात न टाकता एकेकीला वेगळं भेटून द्या, सोबत लॅबचं नाव आणि रिपोर्ट नंबर. त्या नंबरामुळे तिच्या चाचणीत नेमका तोच बदल शोधला जातो.